जमनाबायचा नववा खांब

जितूचा फोन आला तेव्हा माझ्या समोर बोईसरच्या एका कारखान्याचा ठेकेदार बसला होता आणि त्याचं विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. "मॅडम, काकी गेली," एवढंच जितू बोलला. मी विचारलं, कधी. तो म्हणाला, सकाळी कधीतरी, शेजारच्या बाईने मासळी विकून आल्यावर अकरा वाजता हाक मारली तर भिंतीला टेकून बसलेली होती, उठलीच नाही. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ठेकेदाराचं विवरणपत्र पूर्ण केलं. त्याने जाताना विचारलं, "मॅडम, सब ठीक है ना?" मी हो म्हटलं. मग ऑफिसला कुलूप लावलं आणि सातपाटीला जाणारी रिक्षा धरली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की तुमचं त्यांच्याशी नातं काय होतं. नातं काही नव्हतं. मी कर सल्लागार, ती अर्जदार. अर्जदार गेल्यावर सल्लागाराने काम टाकून धावायचं नसतं. पण रिक्षात बसल्यावर मला आठवलं की येत्या रविवारसाठी मी तिच्याकडे न्यायला सुपारी घेऊन ठेवली होती, आणि ती आता कोणाला द्यायची ते काही सुचेना...

जमनाबाय पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली त्याला आता दोन वर्षं होतील. बाकावर सगळे कारखान्यांतले लोक, कुंभवलीपासून तारापूरपर्यंतचे, हिंदीत मोठमोठ्याने बोलणारे. त्यांच्या मधोमध ही सत्तरीच्या पुढची बाई, हिरवं लुगडं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिचा नंबर आला तशी ती टेबलासमोर बसली नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, माझं घर पाडायचं नाय, एवढं सरकारी कागदावर लिहून द्या." मी म्हटलं, असा फॉर्म नसतो. "मग असेल त्यातला द्या," ती म्हणाली आणि बसली.

घर तिच्या सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. कागदोपत्री ते जमनाबायच्या आणि तिच्या पुतण्याच्या, म्हणजे जितूच्या नावावर होतं. जितू तारापूरला एका कारखान्यात पाळीवर आहे, बायको आणि दोन मुलींना घेऊन कुंभवलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. पावसाळ्यात त्या खोल्या गळतात. त्याचं म्हणणं सरळ होतं: घर पाडू, तिथे इमारत होईल, काकीला खालचा फ्लॅट, आपल्याला वरचा. तो वाईट माणूस नाही, हे मी पहिल्याच भेटीत लिहून ठेवलं होतं. मी अर्जदारांबद्दल अशा नोंदी ठेवते. जमनाबायला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, बोट तेव्हाच विकली होती. उरलं होतं ते घर. तिला त्यातच मरायचं होतं. हे तिने असं काही सांगितलं नाही, ती म्हणाली, "फ्लॅटात मेलं तर लिफ्टमधून कसं नेतात, उभं करून?"

जुन्या वास्तूंच्या करसवलतीचं मला तेव्हा आठवलं. जुनं, वैशिष्ट्यपूर्ण घर मूळ साहित्यात आणि मूळ पद्धतीने दुरुस्त केलं, तर त्या दुरुस्तीपोटी मालकाला राज्याच्या करांत सूट मिळते. माझ्याकडे याची चौकशी करायला चार-पाच जण येऊन गेले होते आणि सगळे एका अटीपाशी थबकून परत गेले होते. सवलत घेतली की ती वास्तू दहा वर्षं पाडता येत नाही. विकली तरी नव्या मालकालाही नाही. जमनाबायचा कर तो केवढा, तिला सवलतीचा उपयोग नावापुरताच. मी तिला अट वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "बाकीचं राहू दे. मला हेच द्या."

जितूची सही लागणार होती. तो आला, कागद दोनदा वाचला. शेवटी म्हणाला, "एकदाच. हा अर्ज पास झाला तर मी दहा वर्षं शब्द काढनार नाय. पन नापास झाला तर काकी आमच्याकडे येनार आनि घर पाडायचं. परत दुसरा अर्ज नाय." जमनाबाय म्हणाली, "हाय कबूल." एकच अर्ज, एकच संधी. मी जितूची सही घेतली आणि तिचा अंगठा.

घर पाहायला मी सातपाटीला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की अर्जात दम आहे. ते घर सुतारांनी नाही, होडी बांधणाऱ्यांनी बांधलेलं होतं. सासऱ्यांच्या वडिलांनी आपली बोट ज्यांच्याकडून बांधून घेतली, त्यांनाच म्हणे बंदरावरून बोलावलं आणि सांगितलं, आता घर बांधा. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. मधल्या मोठ्या खोलीत उभं राहून वर पाहिलं की उलटी घातलेली होडीच दिसते, तसेच वाकवलेले वासे, तशाच फळ्या एकमेकींत बसवलेल्या, लोखंडी खिळा शोधून सापडत नाही. त्याखाली तीन रांगांत नऊ सागवानी खांब, प्रत्येकावर कमरेच्या उंचीला माशांची कोरीव माळ. चुलीच्या धुराने सगळे काळेकुट्ट. पहिल्या पाहणीत तसे फोटो काढले आणि फॉर्ममध्ये लिहिलं: खांब सागवान, मूळ स्थितीत.

पावसाळ्याआधी पश्चिमेची भिंत चुन्याने करून घेतली, कौलं बदलली. मी तिला यादी लिहून दिली होती. सिमेंट नाही. फरशी नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या नाहीत. भिंतींना प्लास्टिकचा रंग नाही. तिला वाचता येत नव्हतं, तिने यादी शेजारणीकडून तीनदा वाचून घेतली आणि पाठ केली. मी गेले की मला म्हणून दाखवायची, प्रार्थनेसारखी. ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख आली. मी फोन करून सांगितलं, "गुरुवारी सरकारी माणसं घर बघायला येणार आहेत. घर नीट करून ठेवा."

गुरुवारी मी तपासणीच्या बाईंबरोबरच पोहोचले. त्या शासनाच्या यादीतल्या वास्तुतज्ज्ञ, तरुण, कमी बोलणाऱ्या. दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबरठ्यावरच थांबलो. नऊच्या नऊ खांब निळे झालेले होते. चकचकीत, बोटीचा निळा. कोरलेले मासे पिवळे, आणि वर-खाली लाल पट्टा. सगळ्या गावात त्या दिवसांत त्याच रंगाचा वास होता. मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेच्या आत रंगवून पाण्यात घालायच्या असतात. जमनाबाय मधोमध उभी, नवं लुगडं, हाताच्या कोपरापर्यंत निळे डाग. "या," ती म्हणाली. "चार दिस लागले. वरचं शेजारच्या पोरींनी केलं."

वास्तुतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "आजी, हा रंग का दिला?"

"तुमी यायच्या होत्या ना," जमनाबाय म्हणाली. "बोट तरी आमी रंगवल्याबिगर पान्यात घालतो का? लोक काय म्हनतील, हिचं कोन नाय म्हनून लाकूड उघडं ठेवलंय."

माझ्या यादीत लाकडाला रंग देऊ नका असं कुठेही नव्हतं. काळ्या खांबांना कोणी रंग देईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मासवणची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आई सगळं घर सारवून काढायची, ओटा, अंगण, बैलांच्या गोठ्यापर्यंत. 'घर नीट करून ठेवा' या वाक्याने बाईमाणूस काय करतं हे मला माहीत असायला हवं होतं. मी ते वाक्य फोनवर बोलले आणि पुढच्या फाइलकडे वळले.

अर्ज फेटाळला नाही, पण तहकूब केला. शेरा असा: लाकूडकामाच्या मूळ स्वरूपात बदल. रंग पूर्णपणे काढून खांब पूर्ववत केल्यास फेरतपासणी. काढायचा तोही जाळून नाही, घासकागदाने नाही, कोरीवकाम झिजता कामा नये. एक प्रकारचं मलम लावायचं, तासभर थांबायचं, मग बांबूच्या कामटीने हळूहळू ओढून काढायचं. मी हे सगळं जमनाबायला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हंजे मी चुकले," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. अशा वेळी लोक 'तसं नाही हो' म्हणतात, मला ते जमत नाही. माझीही चूक आहे, एवढं मात्र मी म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही. ते आता इथे लिहिते.

गणपती झाल्यावर तिने काम सुरू केलं. मजूर लावू म्हटलं तर नको म्हणाली, रंग मी दिला, मीच काढीन. रोज सकाळी चहा झाला की पाट घेऊन खांबापाशी बसायची आणि खालून वर जायची. बसून हात जाईल तिथपर्यंत, मग उभं राहून हात जाईल तिथपर्यंत. त्याच्या वरचं रविवारी मी स्टुलावर चढून करायचे. पहिल्या रविवारी मी फक्त बघायला गेले होते. तिने कामटी हातात दिली आणि म्हणाली, "बघायला काय सिनेमा हाय?" त्यानंतर मी दर रविवारी जात राहिले. माझ्याकडे रविवारी वाट बघणारं कोणी नसतं, हे तिला विचारावं लागलं नाही.

तेव्हाच ती मॅडमवरून सुनंदावर आली. मी मात्र शेवटपर्यंत तिला तुम्हीच म्हणत राहिले. आम्ही फार बोलायचो असं नाही. दोन खांबांपाशी दोघी, पाठीला पाठ. बाहेर मांडवावर बोंबील वाळत असायचे, बायका भाव करत जायच्या, आत कामटीचा खरखर आवाज. मधूनच ती काहीतरी बोलायची. एकदा म्हणाली, "तुझ्या हापिसात वास कसा कसलाच नाय? कागदाला वास नाय, मानसाला वास नाय. म्हनून तुला भूक लागत नाय." दुसऱ्या दिवशी जितूबरोबर सुक्या जवळ्याची पुडी माझ्या टेबलावर. आठ दिवस ठेकेदार नाकाला रुमाल लावून बसत होते. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "लागली का भूक?"

एकदा मात्र ती नवऱ्याबद्दल बोलली. तो निळा त्यांच्या बोटीचा निळा होता. दुकानदाराने दुसरा निळा दाखवला तर तिने तो परत केला आणि हाच मागून घेतला. "बारा वरसांनी दिसला," ती म्हणाली, आणि कामटी ओढत राहिली. चार दिवसांत दिलेला तो रंग ती पाच महिने काढत होती. मी स्टुलावर उभी होते, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी विचारलं, त्रास होतो का. ती म्हणाली, "हात दुखतो." 

मलम पुसायचे फडके पहिल्यांदा निळे निघायचे, मग धुराने काळे, आणि शेवटी शेवटी हिरवट. मी एकदा म्हटलंही, हा हिरवा कुठला. तीच म्हणाली, "लाकडाचा रस असेल." मी मान डोलावली. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, तिचं बोटीवरचं. आम्ही दोघींनी मिळून आठ खांब असे स्वच्छ केले की खाली नुसतं पिवळसर सागवान उरलं. आठव्या खांबाच्या दिवशी तिने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "उघडा पडला गो." मला ते आवडलं नाही, पण शेरा पूर्ववत करण्याचा होता आणि फेरतपासणीची तारीख आली होती. नववा खांब तिने सुरू केला तेव्हा शिमग्याला पंधरवडा होता. मी म्हटलं, घाई करू नका, मी दोन रविवार पूर्ण दिवस येते. ती म्हणाली, "तू तुझे कागद कर. माझा खांब मी करते."

ती गेली त्या सकाळी काम करून थकून भिंतीला टेकली असावी. डॉक्टर म्हणाले हृदय. कामटी मांडीवर होती, असं शेजारणीने सांगितलं. मी पोहोचले तेव्हा कोणीतरी ती उचलून खिडकीत ठेवली होती. घरात पुष्कळ माणसं होती आणि मला कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. बायका एकमेकींना विचारत होत्या, ही कोण. एकीने सांगितलं, "ती कागदवाली." मी थोडा वेळ थांबले आणि परत आले.

तेरावा झाल्यावर जितू ऑफिसात आला. त्याने सरळ विचारलं, "आता अर्ज कोनाचा?" मी सांगितलं, तुझा. तू सहमालक आहेस. हवा तर पुढे ने, हवा तर एका ओळीत मागे घे, दोन्हीचे फॉर्म माझ्याकडे आहेत. तुझ्या मुलींचा विचार करून तू मागे घेतलास तर मी तुला नावं ठेवणार नाही. तो म्हणाला, "कबूल काय केलेलं?" मी म्हटलं, अर्ज पास झाला तर दहा वर्षं, नापास झाला तर पाडायचं. "मग तपासनी तर होऊ दे," तो म्हणाला. "तिचा निकाल तरी लागू दे."

तपासणीला त्याच बाई आल्या. जितू, मी आणि त्या. आठ खांब त्यांनी पाहिले, ठीक आहे म्हणाल्या. नवव्यापाशी मी सांगितलं की काम अर्धवट राहिलं आहे, अर्जदार मृत आहे, पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्या खाली बसल्या. खांब खालून छातीपर्यंत उघडा होता, आणि तिथे एक वाकडी रेघ होती, जिथून वर निळा सुरू होत होता. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि ती रेघ इंच इंच पाहत गेल्या. माशांच्या खवल्यांमधे पाहिलं. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "इथे बघा." भिंगातून मला पायऱ्या दिसल्या. वर निळा. त्याखाली धुराचा काळा. त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, परत हिरवा. किती थर होते मी मोजले नाहीत. "हा बोटीचा जुना रंग आहे," त्या म्हणाल्या. "हे खांब पूर्वी रंगवलेलेच होते. पुष्कळदा. मधे कधीतरी प्रथा बंद पडली आणि वर धूर बसला. आजींनी दिला तो मूळ स्वरूपात बदल नव्हता..." त्यांनी भिंग पिशवीत ठेवलं. "शेरा मी चुकीचा दिला."

जितूने विचारलं, "म्हंजे काकी बरोबर होती?"

"हो."

"मग पाच महिने ती काय करत होती?"

 मला ते हिरवट फडके आठवले. मी ते स्वतः कचऱ्यात टाकले होते. मला हे कोणाला तरी लगेच सांगायचं होतं, आणि ज्या एका व्यक्तीला त्याचा अर्थ कळला असता ती आता नव्हती. मी उगाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले. बाहेर येऊन जितूला म्हटलं, अहवाल अनुकूल येईल, तू ठरव. तो खांबांच्या मधोमध उभा राहून वरच्या वाशांकडे बघत होता. "सही केली ती केली," तो म्हणाला. "दहा वरसं नाय पाडत. पन मॅडम, इथे राहायला यायचं म्हटलं तर एखादी खिडकी तरी मोठी करता येईल का?" मी म्हटलं, त्याचा वेगळा फॉर्म आहे.

मंजुरीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं, आज जमनाबायला जाऊन सात आठवडे झाले. पत्र तिच्याच नावे आहे, नावाची दुरुस्ती मी पाठवली आहे. मुलींचं शाळेचं वर्ष संपलं की जितू राहायला येणार, तोवर घर बंद असतं, किल्ली माझ्याकडे आहे, रविवारी मी जाऊन खिडक्या उघडते. पत्रात शेवटी अटी आहेत. आठ खांबांना प्रथेप्रमाणे बोटीचा रंग देता येईल. नवव्या खांबावरचे सर्व थर पुरावा म्हणून जसेच्या तसे राखावेत आणि त्यावर कोणतंही काम करू नये. काल मी नेहमीप्रमाणे झाडून घेतलं, बादली भरली, फडका पिळला आणि एकेक खांब पुसत गेले. नवव्यापाशी आल्यावर फडका रेघेच्या जवळ नेला, तिचा हात जिथे थांबला त्या वाकड्या रेघेच्या, आणि परत बादलीत टाकला. तिथे आता कोणीच हात लावायचा नाही. मीही नाही.